कोणत्या रंगाचा अंगरखा?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीत दरवर्षी किल्ला होतो. धाराशिवमधली जुनी गल्ली, घरे एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे किल्ला एका घराचा नसतो, सगळ्यांचा असतो. कुणाच्या अंगणातले दगड, कुणाच्या बांधकामावरची उरलेली विटकर, कुणाच्या घरातले पोते. त्यावर काळ्या मातीचा लेप आणि लेपावर अळीव पेरायचे. चार दिवसांत किल्ला हिरवा होतो. मग बाजारातून मावळे येतात. हे मी लहानपणी केले आहे, माझ्या मुलानेही पहिलीपासून केले आहे.

तीन वर्षांपूर्वी धाकटा सहावीत होता. किल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो दुपारी लवकर घरी आला आणि न जेवता कॉटवर पडून राहिला. त्याच्या अम्मीने विचारले तर बोलेना. मगरीबनंतर माझ्याजवळ येऊन बसला आणि आमच्या घरच्या दखनीत म्हणाला, "अब्बा, मैं हमेशा दुश्मनच कायकू?"

झाले होते ते साधेच. मुलांनी किल्ल्यावर लढाई मांडायची ठरवली. मावळे दोन गटांत वाटले. भगव्या रंगाचे एकीकडे, हिरव्या रंगाचे दुसरीकडे. हिरवे कुणी घ्यायचे यावर वाद झाला आणि मग कुणीतरी सहज म्हणाले, "हिरवे त्याला द्या, ते त्याचेच आहेत." मुलांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. तीच मुले ईदला आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला येतात. पण सहावीतल्या मुलाच्या मनाला ते लागायचे तसे लागले.

मला आधी राग आला. मग वाटले, जाऊन त्या मुलांच्या आईवडिलांशी बोलावे. शेवटी दोन्हींपैकी काहीच केले नाही. दिवाळी संपल्यावर बाजारात उरलेले मावळे अर्ध्या किमतीत निघाले, त्यातले डझनभर घेऊन आलो. मुलाला म्हटले, यांचे रंग खरवडू आणि आपण नव्याने रंगवू. जसे होते तसे. कसे होते ते आधी शोधू.

तेव्हापासून आमच्या घरात इशानंतरचा एक तास या कामाचा आहे. मी कचेरीत दिवसभर कागद पाहणारा माणूस, चित्रकलेशी माझा संबंध शाळेच्या एलिमेंटरी परीक्षेपुरता. तरी हा शौक मला जडला तो जडलाच.

छोटे सैनिक रंगवण्याचा नाद जगात जुना आहे. जर्मनीत जस्ताच्या नव्हे, तर कथलाच्या चपट्या सैनिकांची परंपरा होती. लंडनमध्ये विल्यम ब्रिटन या खेळणी करणाऱ्या घराण्याने 1893 मध्ये पोकळ ओतीव सैनिक काढले. धातू कमी लागू लागला, खेळणे स्वस्त झाले आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांच्या हाती फौजा आल्या. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी तर 1913 मध्ये अशा सैनिकांशी जमिनीवर बसून खेळण्याच्या नियमांचे पुस्तकच लिहिले. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध सुरू झाले. आज हा छंद करणारे लोक अठ्ठावीस मिलिमीटर, म्हणजे एका इंचाहून जरासा मोठा सैनिक घेतात आणि त्याच्या कोटाच्या बटणांपर्यंत अभ्यास करून रंगवतात. नेपोलियनच्या कोणत्या पलटणीची कॉलर पिवळी होती, यावर त्यांच्यात भांडणे होतात म्हणे.

आपल्याकडे मातीचे सैनिक होते, पण ते दिवाळीपुरते. बंगालच्या कृष्णनगरची, लखनौची आणि पुण्याची रंगीत मातीची माणसे एकोणिसाव्या शतकात साहेबलोक विकत घेऊन विलायतेला नेत असत. शिंपी, भिस्ती, शिपाई, फकीर अशी. पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात दिवाळीआधी आजही मावळ्यांच्या रांगा मांडलेल्या दिसतात. आमच्याकडे येणारे मावळे बहुतेक साच्यातले प्लास्टरचे असतात. दोन अर्धे साचे जुळवून काढलेले, म्हणून खांद्यापासून पायापर्यंत दोन्ही बाजूंना एक शिवण उठलेली असते. रंगाने ती झाकत नाही, उलट जास्त दिसते. म्हणून पहिले काम ब्लेडच्या पाठीने ती शिवण घासून काढण्याचे. मग ओल्या फडक्याने पुसायचे आणि सुकू द्यायचे.

पुढचे काम मी चुकत चुकत शिकलो. आधी पांढऱ्या प्रायमरचा एक पातळ हात. प्लास्टर रंग पिते, प्रायमर नसेल तर अंगरख्याचा निळा दुसऱ्या दिवशी राखाडी दिसतो. रंग ॲक्रिलिक, कॅम्लिनचे, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे. थेट बाटलीतून लावायचे नाहीत, पाणी घालून दुधाइतके पातळ करायचे आणि एकाच्या जागी दोन हात द्यायचे. नाहीतर चेहऱ्याच्या रेषा बुजतात आणि मावळ्याला गालगुंड झाल्यासारखे दिसते. आमचे पहिले चार तसेच झाले.

जिरहबख्तर, म्हणजे लोखंडी कड्यांचा सदरा, रंगवायची युक्ती सर्वांत सोपी आणि सर्वांत मजेची. आधी तो भाग पूर्ण काळा करायचा. मग ब्रशच्या टोकाला थोडा चंदेरी रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पुसून टाकायचा आणि कोरड्या ब्रशने वरून हलकेच फिरवायचे. उंचवट्यांना चांदी लागते, खळग्यांत काळे राहते. एका मिनिटात लोखंड तयार होते. धाकट्याने हे पहिल्यांदा केले तेव्हा तो उठून आजीला दाखवायला पळाला.

मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये एक वेगळी अडचण येते. रंग ताटलीतच सुकतो. त्याला उपाय म्हणून प्लास्टिकच्या चपट्या डब्यात ओला स्पंज ठेवायचा, त्यावर केकखाली घालतात तो कागद अंथरायचा आणि त्या कागदावर रंग घ्यायचा. खालून ओल मिळत राहते, झाकण लावले तर दुसऱ्या दिवशीही रंग चालतो. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा आणि काळा ओळखू येत नाही, म्हणून पांढरा दिवा लागतो. आणि चाळिशी उलटलेल्यांना चष्मा. ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठात धरायची सवय अनेकांना असते, ती लहान मुलांना लागू देऊ नका. काही रंगांत विषारी धातू असतात. जुन्या ओतीव सैनिकांत तर शिसेच असायचे. असा एखादा जुना सैनिक कुणाकडे असेल तर तो कपाटात ठेवा, मुलांच्या हातात नको.

हे सगळे हाताचे काम. खरा प्रश्न रंग लावायच्या आधी आला. कोणता रंग?

धाकटा म्हणाला, आपले भगवे आणि त्यांचे हिरवे. मी म्हटले, हे कुणी सांगितले? तो म्हणाला, सगळीकडे तसेच असते. खरे होते त्याचे. बाजारात तसे असते, पोस्टरवर तसे असते, मालिकेत तर असतेच. पण त्या काळी कापड रंगवायचे कसे, हा विचार केला की ही सगळी दुकानदारी कोसळते.

सैन्याला एकसारखा गणवेश ही गोष्ट इथे युरोपियन पद्धतीच्या पलटणी आल्यावर रुजली. सतराव्या शतकातला दख्खनी शिपाई स्वतःचे कपडे घालूनच चाकरीवर येत असे. आणि साधा शिपाई म्हणजे पांढरा सुती कपडा, तोही मळका. रंग हवा तर निळीचा निळा, मंजिष्ठाचा तांबडा, हळदीचा पिवळा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. एक रंग आमच्या भागाचा खास म्हणावा असा, कुसुंबा, म्हणजे करडईच्या फुलांचा. करडई आम्ही तेलासाठी पेरतो, पण तिच्या पाकळ्यांतून गुलाबी ते केशरी अशा सुंदर छटा निघतात. त्या मात्र धुतल्या की उतरतात. रोजच्या घामाच्या कपड्याला हे परवडणारे नाही, सणासमारंभाच्या पागोट्याला ठीक.

आणि हिरवा? नैसर्गिक रंगांत कापडावर पक्का बसणारा सरळ हिरवा रंग आपल्याकडे नव्हताच. कापड आधी निळीत बुडवायचे, मग हळद किंवा डाळिंबाच्या सालीच्या पिवळ्यात. दोनदा रंगवणी, दुप्पट खर्च. हिरवा अंगरखा हा दरबारी माणसाचा थाट. विजापूरच्या आदिलशहाने आपल्या हजारो शिपायांना डोक्यापासून पायापर्यंत हिरवे कपडे शिवले असते तर लढाईआधीच खजिना रिकामा झाला असता. अख्ख्या फौजेला भगवे रंगवण्याचेही तेच. भगवा झेंडा वेगळा, सगळ्या फौजेचे कपडे वेगळे.

मग लढाईत माणूस ओळखायचा कसा? निशाण, नौबत, सरदाराचा हत्ती किंवा घोडा, आणि ओळखीचे चेहरे. कपड्यावरून फार नाही. जुनी चित्रे बघितली की हे पटते. दख्खनच्या सैन्याचे सर्वांत जवळचे चित्र मला सापडले ते एका फारसी काव्याच्या हस्तलिखितात. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी लिहिलेले 'तारीफ-ए-हुसेनशाही'. 23 जानेवारी 1565 च्या तालिकोटच्या लढाईची चित्रे त्यात आहेत आणि हे हस्तलिखित पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेले आहे. त्यातली माणसे बघावीत. पांढरे, गुलाबी, निळे, पिवळे, नारिंगी जामे, सगळे मिसळलेले. त्या चित्रांची छापील प्रत समोर ठेवून आम्ही रंगवायला लागलो आणि बाजारू हिरवा-भगव्याचा डबा बाजूला पडला.

एक बारीक खूण मात्र खरी सापडली. मुघल चित्रांत जाम्याचे बंद काखेखाली बांधलेले दिसतात, मुसलमानांचे उजव्या बाजूला आणि हिंदूंचे डाव्या बाजूला. अकबराच्या काळापासून हा फरक पाळला गेला. बाकी जामा तोच, कमरेचा पटका तोच, कटार तीच, ढाल तीच. तीन इंची मावळ्यावर तो बंद म्हणजे ब्रशचा एक ठिपका. धाकट्याने तो ठिपका बघितला, मग मावळा उलटसुलट केला आणि विचारले, "बस, इतनाच?"

इतकेच.

आता हे करायला बसलो आणि आमचाच जिल्हा मला नव्याने कळू लागला. परंड्याच्या किल्ल्यावर मी अनेकदा गेलो होतो, तोफांवर बसून फोटो काढले होते. पण तो किल्ला काही काळ निजामशाहीची राजधानी होता, हे मला ठाऊक नव्हते. 1600 मध्ये अहमदनगर मुघलांनी घेतले, तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला परंड्यात गादीवर बसवले. मलिक अंबर म्हणजे इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजार बदलत बदलत दख्खनला आलेला माणूस. त्याला रंगवताना धाकट्याने नेहमीचा गव्हाळ रंग घेतला. मी थांबवले. हबशी होता तो. मुघल चित्रकारांनी काढलेली त्याची चित्रे आहेत, त्यात तो गडद वर्णाचा, धिप्पाड, साध्या पांढऱ्या जाम्यात उभा आहे. आम्ही तसाच केला. मावळ्याच्या साच्यातून मलिक अंबर निघतो का, असे कुणी विचारेल. निघतो. कमरेचा पटका रुंद करायला थोडी एम-सील लागते, बस.

त्याच मलिक अंबरच्या बाजूने 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी त्या लढाईत पडले. शहाजी आणि शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवली, असे परंपरेने सांगतात. आणि शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव त्या काळात मुघलांच्या चाकरीत होते. सासरा एका फौजेत, जावई दुसऱ्या. यातला हिरवा कोण आणि भगवा कोण?

मुलाने कागदावर दोन रकाने काढले होते, 'आपले' आणि 'त्यांचे'. भातवडीपर्यंत पोहोचल्यावर त्याने तो कागद चुरगाळला. पुढे प्रतापगड आला तेव्हा नवा कागद घेतला, पण या वेळी रकाने काढले नाहीत, नुसती नावे लिहिली. शिवाजी महाराजांच्या बरोबरच्या निवडक दहा माणसांत सिद्दी इब्राहीम. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर. खानाच्या फौजेत भोसले घराण्यातलेच मंबाजी भोसले. महाराजांच्या पायदळाचे पहिले सरनोबत नूरखान बेग. आरमारात दौलतखान. मुघलांकडून महाराजांवर चालून आलेले मिर्झाराजे जयसिंग, आंबेरचे राजपूत. नंतर पानिपतावर 1761 मध्ये मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहीमखान गारदी, जो शेवटपर्यंत हलला नाही आणि पकडला जाऊन मारला गेला.

मी इतिहास गोड करून सांगणाऱ्यांपैकी नाही. आमच्या जिल्ह्यातल्या तुळजापूरला अफजलखानाच्या स्वारीत जो उपद्रव झाला असे जुनी मराठी साधने सांगतात, तेही मी मुलाला सांगितले. लपवले असते तर उद्या दुसऱ्या कुणाकडून कळले असते, आणि मग बाकीच्या माझ्या बोलण्यावर त्याने का विश्वास ठेवावा? लोक लढत होते, लुटत होते, मारत होते. पण कोण कुणाकडून लढला हे धर्मावरून ठरलेले नव्हते. चाकरी, जहागीर, जुनी निष्ठा, भाऊबंदकी, यावरून ठरत होते. बहुतेक शिपायांचे तर पोटावरून.

आता घरातला विरोध. ते सांगितल्याशिवाय हा लेख पूर्ण होणार नाही, कारण हे वाचताना अनेक भगिनींच्या मनात तोच प्रश्न आला असेल. माझ्या अम्मीला हे सगळे पहिल्या दिवसापासून मान्य नव्हते. "घर में बुतां भर के रखे," असे ती म्हणाली आणि ज्या खोलीत नमाज पढते तिथून ते उचलायला लावले. तिचे चुकले नव्हते. सजीवांच्या प्रतिमांबद्दल आपल्याकडे कडक इशारे आहेत आणि त्याकडे थट्टेने बघता येणार नाही. दुसरीकडे हजरत आयेशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत, त्यांच्या मैत्रिणी खेळायला येत आणि रसूलुल्लाह (स.) त्यांना मना करीत नसत, हे बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आले आहे. अबू दाऊदमध्ये तर त्यांच्या खेळण्यांतल्या एका पंखांच्या घोड्याची हकीकत आहे, जी ऐकून आप (स.) हसले. मुलांच्या खेळण्यांना अनेक उलेमांनी मुभा दिली आहे, काहींनी नाही.

मी मोहल्ल्यातल्या मौलानासाहेबांना विचारले. त्यांनी फतव्याच्या भाषेत काही सांगितले नाही. म्हणाले, खेळ आहे तर खेळासारखा ठेवा. शोकेसमध्ये मांडून त्याची शान करू नका, नमाजच्या खोलीत ठेवू नका, पैसा आणि वेळ हद्दीबाहेर जाऊ देऊ नका आणि इशा चुकवून बसू नका. ज्यांच्या मनाला हे पटत नसेल त्यांनी करू नये, त्यात कमीपणा काही नाही. अम्मीने हे ऐकले आणि एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा आणून दिला. काम झाले की सगळे सैनिक त्या डब्यात जातात, झाकण लागते, डबा माळ्यावर. तीन वर्षांत तिने तो डबा स्वतः उघडलेला मी पाहिलेला नाही. पण ब्रश धुवायला तिच्या जुन्या ओढण्यांचे तुकडे तीच कापून ठेवते.

थोरली या सगळ्यात उशिरा आली. नववीत होती, आमच्याकडे बघून नाक मुरडायची. एका रात्री तिने डब्यातले सगळे बाहेर काढून मोजले आणि म्हणाली, "बत्तीस लोगां, एक भी औरत नै." खरेच नव्हती. बाजारातल्या संचात जिजाऊंची बसलेली मूर्ती असते, कधी एखादी पाणी भरणारी बाई. लढणारी नाही. तिला चांदबीबीची गोष्ट सांगितली.

चांदबीबी त्याच हुसेन निजामशहाची मुलगी. तालिकोटच्या आधी दख्खनच्या सुलतानांची एकजूट झाली ती लग्नांनी पक्की केली गेली. अहमदनगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि आमच्या शेजारचे सोलापूर तिच्याबरोबर आंदण गेले. ज्या सोलापूरला आम्ही चादरी घ्यायला आणि दवाखान्याला जातो, ते एका मुलीच्या लग्नात दिले गेलेले शहर. पुढे विधवा झाल्यावर ती माहेरी आली आणि 1595 च्या अखेरीस शहजादा मुरादच्या मुघल फौजेने अहमदनगरला वेढा घातला तेव्हा किल्ला तिनेच लढवला. सुरुंगाने तटाला खिंडार पडले तेव्हा ती चिलखत घालून, चेहऱ्यावर नकाब घेऊन, हातात नंगी तलवार धरून खिंडारात उभी राहिली आणि एका रात्रीत भिंत पुन्हा उभी करवली, असे फरिश्ता हा तवारीखकार सांगतो. चार वर्षांनी, 1600 मध्ये, तिच्याच लोकांनी तिला ठार केले.

थोरलीने दोन आठवडे दुसरे काही केले नाही. चांदबीबीची घोड्यावर बसून ससाणा उडवणारी दख्खनी चित्रे पुष्कळ आहेत, पण ती नंतरच्या काळातली. तिला ती नको होती. तिला खिंडारातली हवी होती. एका भालदाराचा भाला कापून तलवार केली, मिशा ब्लेडने काढल्या. मिशा काढताना पहिल्या मावळ्याचे नाक गेले, दुसरा घ्यावा लागला. चेहऱ्यावरचा नकाब ओल्या टिश्यू पेपरला फेविकॉल लावून केला. सुकल्यावर तो कापडासारखा कडक होतो आणि चुण्या तशाच राहतात. नकाबाचा रंग कोणता? तिने कुसुंबा घेतला. मी म्हटले, लढाईत कोण कुसुंबा घालते, धुतला की जातो. ती म्हणाली, "उनो रानी थे अब्बा. धोने की फिकिर उनकू नै थी." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढच्या दिवाळीला काय झाले, असे विचाराल. धाकट्याने बिस्किटांचा डबा घेऊन गल्लीच्या किल्ल्यावर जायचे ठरवले. मी त्याला काही शिकवून पाठवले नाही, गॅलरीतून बघत राहिलो मात्र. त्याने सिद्दी इब्राहीम महाराजांच्या सिंहासनाजवळ ठेवला. एक मुलगा म्हणाला, हा असा काळा का? मग नूरखान बेग, मग दौलतखान. दौलतखानासाठी पाणी हवे म्हणून मुलांनी पायथ्याशी परातीत तळे केले. एका मोठ्या मुलाला हे पटले नाही. तो म्हणाला, आमच्या पुस्तकात असे नाही. धाकटा त्याच्याशी भांडला, तो निघून गेला आणि किल्ल्यावर पुन्हा आला नाही. सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही. पण ज्यांच्या अंगणात किल्ला होता त्या काकूंनी चांदबीबी उचलून चष्म्याशी धरली आणि विचारले, ही कोण गं बाई? थोरलीने त्यांना पायरीवर बसून सगळी गोष्ट सांगितली, सोलापूरच्या आंदणासकट. काकूंचे माहेर सोलापूर. त्यांनी चांदबीबीला बालेकिल्ल्यावर जागा दिली.

तिसऱ्या रात्री अवकाळी पाऊस आला. सकाळी किल्ल्याचा अर्धा भाग बसला होता आणि बाजारातल्या मावळ्यांचे रंग वाहून मातीत गेले होते. पांढरे प्लास्टर तेवढे राहिले, भगवे कोणते आणि हिरवे कोणते ते सांगता येईना. आमच्यांवर मॅट वार्निशचे दोन हात होते, ते चिखलातून जसेच्या तसे निघाले. नकाब मात्र गेला. थोरलीने तो पुन्हा केला.

त्यानंतर मुलांना घेऊन नळदुर्गला गेलो. पाणी महाल मी त्यांना नर-मादी धबधब्यासाठी दाखवत असे, या वेळी बांधकामासाठी दाखवला. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, बोरी नदी अडवून धरणाच्या भिंतीच्या पोटातच खोल्या काढल्या. वरून पाणी पडत असताना आत कोरडे बसता येते. धाकटा बराच वेळ तटाच्या जंग्यांतून खाली बघत होता. परतताना म्हणाला, आता तोफ करायची.

तोफ म्हणजे मुलूख-ए-मैदान. 1549 मध्ये अहमदनगरला एका तुर्की उस्तादाने ओतलेली, चौदा फुटांहून लांब, सुमारे पंचावन्न टनांची. तोंडाशी हत्तीला गिळणारे श्वापद. ती निजामशाहीने आमच्या परंड्याला आणून ठेवली आणि 1632 च्या सुमारास विजापूरकरांच्या मुरार जगदेव या ब्राह्मण सरदाराने ती परंड्याहून विजापूरला नेली. तिथे ती आजही बुरुजावर आहे. ओढायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले, असे सांगतात. तोफेची नळी आम्ही पीव्हीसी पाइपची केली, श्वापदाचे तोंड एम-सीलचे. हत्ती दोन मिळाले, बाकीचे बघू. बैलांसाठी पोळ्याच्या बाजाराची वाट बघितली, तेव्हा मातीचे बैल डझनाने मिळतात.

सध्या वाद बैलांच्या रंगावर अडला आहे. मी म्हणतो लाल कंधारी, थोरली म्हणते देवणी, पांढऱ्यावर काळे ठिपके. अम्मीने दारातूनच निकाल दिला की इतके जड ओझे खिलारच ओढील. आतापर्यंत अकरा झाले आहेत.